सायबर सुरक्षेचा तास आणि मैदानावर पाठवलेले मुलगे

मी समुपदेशक आहे. शाळेतून फोन येतो तेव्हा मागणी साधारण ठरलेली असते. ‘मॅडम, सायबर सुरक्षेवर एक तास घ्याल का? आठवी ते दहावीच्या मुलींसाठी. मुलग्यांना तेवढा वेळ आम्ही मैदानावर सोडतो.’ मग आवाज जरा खाली येतो. ‘पण जास्त खोलात नका जाऊ हं. नाहीतर आपणच पोरांच्या डोक्यात नको ते भरवायचो.’

गेल्या वर्षी असाच फोन एका मुख्याध्यापिकाबाईंचा आला. बाई अनुभवी, मुलांविषयी कळवळा असलेल्या. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही, कारण पालकसभेत आणि शिक्षकांच्या खोलीतही तीच ऐकू येते. माहिती दिली की मुलं तेच करून बघतात, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. मी बाईंना उत्तर म्हणून एका मुलाची हकिगत सांगितली, तीच इथे सांगते. नाव-गाव बदललं आहे आणि आणखी एकदोन मुलांचे तपशील त्यात मिसळले आहेत, म्हणजे कुणी कुणाला ओळखायला नको.

त्याला ओंकार म्हणू. कराडकडचा, सेमी-इंग्रजी शाळेत नववीत. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आई घरी शिवणकाम करते. आई त्याला घेऊन आली ती पोटदुखीसाठी. सोनोग्राफी झाली होती, रक्त तपासून झालं होतं, कशात काही निघालं नव्हतं. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. आई सांगत होती, ‘जेवत नाही. रात्री दोनला उठून बघावं तर डोळे उघडे. सहामाहीला गणितात जेमतेम पास झालाय, नाहीतर गणित त्याचं चांगलं होतं.’ ओंकारला बाहेर बसवल्यावर ती पुढे म्हणाली, ‘दुकानाच्या खात्यातनं पैसे कमी होतायत असं हे म्हणतात. पण पोराचं नाव कसं घ्यायचं?’

किशोरवयीन मुलाशी पहिल्यांदा बोलताना मी गुप्ततेची हद्द आधीच सांगून टाकते. ओंकारलाही सांगितली. तू जे बोलशील ते तुला विचारल्याशिवाय घरी जाणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्याशी लैंगिक स्वरूपाचं काही केलं असेल, तर ते मला पुढे सांगावंच लागतं. तेही तुझ्या पाठीमागे नाही, तुझ्यासमोर. तो मान खाली घालून ऐकत होता. बराच वेळ टेबलाच्या कडेचा सनमायका नखानं उचकटत बसला. मग म्हणाला, ‘समोरचा माणूस मोठा आहे का लहान, बाई आहे का पुरुष, हेच माहीत नसेल तर?’

तिथून गोष्ट सुटी होत गेली. मोबाइलवरच्या गेममध्ये एका ‘मुलीशी’ ओळख झाली. ती इन्स्टाग्रामवर आली, दोन-तीन दिवस गप्पा झाल्या, अभ्यासाच्यासुद्धा. मग रात्री व्हिडिओ कॉल. समोर मुलगी दिसत होती, बहुधा आधीच रेकॉर्ड केलेली. तिनं सांगितलं तसं यानं केलं. कॉल अर्ध्या मिनिटाचासुद्धा नव्हता. लगेच त्याचीच चित्रफीत त्याला आली आणि सोबत त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट, त्यात मावशी, क्लासचे सर, चुलत बहीण. पाच हजार दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.

पैसे त्यानं वडिलांच्या यूपीआयवरून पाठवले. पिन त्याला माहीत होता, कारण वडिलांना ते ॲप घालून देणारा तोच. एक रक्कम गेली, मग दुसरी मागितली. मग निरोप आला की चित्रफीत यूट्यूबवर चढली आहे, काढायचे वेगळे पैसे. शेवटी ‘दिल्ली सायबर सेल’मधून फोन. खाकी वर्दीतला फोटो, दमदाटीची हिंदी, ‘तुझ्यावर मुलीनं केस केली आहे, मिटवायचे इतके.’ हा पोलीस म्हणजे त्याच टोळीतला दुसरा माणूस. ही यांची नेहमीची पद्धत आहे, सायबर पोलिसांना आता ती तोंडपाठ झाली आहे. पण चौदा वर्षांच्या पोराला वाटत होतं की आपलं नाव दिल्लीला पोलिसांच्या वहीत लागलं आहे. सकाळी शाळेच्या वाटेवर पोलीस चौकी लागते. पोट दुखायचं ते तिथून पुढे.

मी त्याला सरळ विचारलं, ‘या सगळ्यात मरून जावं असं वाटलं का कधी?’ त्यानं होकारार्थी मान हलवली. हा प्रश्न विचारायला शिक्षक फार घाबरतात. विचारलं तर पोराला ते सुचेल, असं त्यांना वाटतं. म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंचीच भीती, दुसऱ्या जागी. प्रत्यक्षात ज्या मुलाच्या मनात ते येऊन गेलेलं असतं त्याला कुणीतरी विचारलं याचा आधार वाटतो, आणि ज्याच्या मनात नसतं तो ‘छे’ म्हणून मोकळा होतो. ओंकारच्या बाबतीत त्या उत्तरानंतर थांबण्यात अर्थ नव्हता. आई-वडिलांना आजच सांगायचं, हे मी त्याच्याशी बोलून ठरवलं. काय सांगायचं, कोणत्या क्रमानं, कोणतं वाक्य मी बोलायचं आणि कोणतं त्यानं, याची चक्क तालीम केली. वडिलांना दुकानातून बोलावून घेतलं.

आत घेण्याआधी मी दोघांना बाहेरच सांगितलं होतं: आज एकच प्रश्न विचारायचा नाही, ‘असलं कसं केलंस?’ आई रडली. वडील बराच वेळ हाताचं ग्रीस पुसत बसले आणि म्हणाले, ‘किती गेले?’ ओंकारनं आकडा सांगितला. ‘बरं. बाकीचं बघू.’ पुढच्या भेटीत तो म्हणाला की पप्पांनी पैशाचं विचारलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं. पैशाचा प्रश्न असेल तर तो सुटणारा असतो, असं त्याचं म्हणणं.

पुढची कामं थोडक्यात सांगते, कारण शाळांना ती माहीत नसतात. आणखी पैसे द्यायचे नाहीत. दिले की मागणी वाढतेच. चॅट घाईनं पुसून टाकायचं नाही. धमकीचे निरोप, समोरच्याचं युजरनेम, फोन नंबर, व्यवहाराचा यूटीआर (ओळख) क्रमांक यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, मग ब्लॉक करायचं आणि ॲपमध्येच तक्रार नोंदवायची. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल तितकी समोरच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ओंकारच्या बाबतीत आठवडे उलटले होते, पैसे काही परत आले नाहीत. तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते. तिथे महिला आणि मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. आणखी एक सोय फार कमी लोकांना ठाऊक आहे. ‘टेक इट डाउन’ नावाची, अमेरिकेतल्या एका बालसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये सुरू केलेली मोफत सेवा. अठराच्या आतल्या वयात काढलेला असा फोटो किंवा चित्रफीत तुमच्या फोनवरच राहते, तिथून फक्त तिचा एक डिजिटल ठसा जातो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ती आपल्या व्यासपीठांवर अडवतात. इन्स्टाग्राम, फेसबुक त्यात आहेत. व्हॉट्सॲपवरच्या खासगी निरोपांना ती पोहोचत नाही, हेही मी स्पष्ट सांगते.

आता कायदा. ओंकार अठराच्या आतला, म्हणून हा पोक्सोचा, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचा विषय. २०१२ चा हा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, हे शिक्षकांनाही सांगावं लागतं. कलम १९ नुसार असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्यानं तो पोलिसांना कळवायचाच. समुपदेशकाला त्यातून सूट नाही, मुख्याध्यापकाला नाही, आणि ‘शाळेचं नाव खराब होईल’ ही सबब कायद्यात कुठेच नाही. न कळवल्याबद्दल शिक्षेची तरतूद आहे, संस्थाप्रमुखाला जास्त. दुसऱ्या बाजूनं हा कायदा मुलाला सांभाळतोही. जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, विश्वासातलं माणूस सोबत असावं, ओळख कुठे उघड होऊ नये. वडिलांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते तक्रारीला तयार झाले. साध्या शर्टातले एक अधिकारी घरी आले, चहा घेतला, दीड तास बसले. जाताना ओंकारला म्हणाले, ‘दिल्लीवाला फोन खोटा होता, तुझ्यावर कसलीही केस नाही.’ माझ्या चार भेटींनी झालं नसतं ते त्या एका वाक्यानं झालं.

आणखी एक गोष्ट आम्ही केली. ज्या चुलत बहिणीची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती, तिलाच त्यानं आधी सांगून ठेवलं: ‘माझ्या नावानं काही आलं तर उघडू नको, मला फोन कर.’ ती कॉलेजात शिकते. तिनं फक्त ‘ओके’ लिहिलं आणि वर त्याला एक टुकार मीम पाठवलं. ब्लॉक केल्यावर पुढे कुणाला काही आलं नाही. दर वेळी असंच होतं असं नाही, म्हणून तर ही तयारी.

मुख्याध्यापिकाबाईंनी हे सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘त्याच्या शाळेत कधी काही सांगितलंच नव्हतं का?’

सांगितलं होतं. सायबर सुरक्षेचं व्याख्यान झालं होतं, प्रोजेक्टरवर. अनोळखी व्यक्तीशी बोलू नका, फोटो टाकू नका, ओटीपी देऊ नका. मुलींसाठी. ओंकार तेव्हा मैदानावर व्हॉलीबॉल खेळत होता. पण तो आत बसला असता तरी फार फरक पडला असता असं मला वाटत नाही. गेम खेळणाऱ्या मुलाच्या लेखी समोरचा प्रत्येक जण अनोळखीच असतो आणि खेळताना बोलावं लागतं. इन्स्टाग्राम कसं चालतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. खातं उघडताना त्यानं जन्मसाल २००१ टाकलं होतं, ‘सगळेच टाकतात’. अल्पवयीनांच्या खात्यांना आपोआप बसणारी बंधनं आहेत, पण ॲपच्या नोंदीत हा विशी ओलांडलेला तरुण, मग त्याला ती लागणार कशी? त्याला एवढं सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की कुणाला सांगायचं आणि सांगितल्यावर आपलं काय होईल. त्याच्या मनातलं उत्तर असं होतं: मार बसेल, फोन जाईल, शाळेत बोभाटा होईल, पोलीस नेतील. म्हणजे धमकी देणारा जे सांगत होता तेच. टोळीचा धंदा चालतो तो या समजुतीवर. शाळेनं शिकवायचं असेल तर आधी हे शिकवावं, धोक्यांची यादी नंतर.

बाई म्हणाल्या, ‘या. मुलगेही बसतील.’

मी अट घातली की आधी शिक्षकांबरोबर बसायचं. त्यांना एकच प्रश्न दिला: नववीतला मुलगा मधल्या सुट्टीत तुमच्याजवळ आला आणि हे सांगू लागला तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल? खरं तेच लिहा. गणिताच्या सरांनी मोठ्यानं वाचलं, ‘तुला कुणी सांगितलं होतं कॉल उचलायला?’ सगळे हसले, सरही. मग एक बाई म्हणाल्या, ‘माझंही तेच आहे, फक्त शेवटी ‘बाळा’ आहे.’ त्यावर आम्ही तासभर काम केलं. दुसरी वाक्यं शोधली, एकमेकांवर बोलून पाहिली. ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझा गुन्हा नाही. पुढे काय करायचं ते मला माहीत आहे.’ तिसरं वाक्य म्हणायचं तर ते खरं असायला हवं, म्हणून मग पुढची माहिती शिक्षकांनी स्वतःहून लिहून घेतली.

त्यातला एक मुद्दा फार महत्त्वाचा निघाला. शाळेत असं प्रकरण आलं की तो फोटो ‘पुरावा म्हणून’ वर्गशिक्षकांकडून पर्यवेक्षकांकडे, तिथून मुख्याध्यापकांकडे, तिथून संस्थेच्या ग्रुपवर जातो. हेतू चांगला असतो. पण अल्पवयीन मुलाचं असं चित्र पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की असं काही न पुसता, न कळवता जवळ ठेवणंही पोक्सोत बसू शकतं. त्या मुलाच्या किंवा मुलीच्या बाजूनं पाहा: सात शिक्षकांनी ते पाहिलेलं असतं आणि उद्या त्यांच्याच तासाला बसायचं असतं. म्हणून चित्र ज्या फोनवर आलं तिथेच राहू द्या, पुढे एकालाही पाठवू नका, खात्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवा, पोलिसांना कळवा. हे ऐकताना पर्यवेक्षक सरांनी खिशातला फोन काढून टेबलावर पालथा ठेवला. मी काही विचारलं नाही.

मुलांच्या सत्रात व्याख्यान नव्हतं. पाचवी-सहावीशी मी गेममधल्या गप्पा, पासवर्ड आणि आईच्या फोनवर आलेला ओटीपी एवढ्यावरच बोलले. आठवी ते दहावीचे मुलगे-मुली आधी वेगवेगळे बसवले, शेवटी एकत्र. निनावी चिठ्ठ्या वाटल्या: ऑनलाइन काही वाईट घडलं तर घरी का सांगणार नाही? ‘फोन काढून घेतील’ हे सगळ्यात जास्त वेळा आलं. मुलींच्या चिठ्ठ्यांत ‘शाळा बंद करतील’, ‘लग्नाचं बघतील’. मुलग्यांच्या चिठ्ठ्यांत ‘मित्र हसतील’. एकीनं लिहिलं होतं, ‘पप्पा मला काही नाही बोलणार, मम्मीला बोलतील.’ ही चिठ्ठी मी पालकसभेत वाचून दाखवली. पुरुष पालकांच्या रांगेत बरीच चुळबुळ झाली.

दुसरी चिठ्ठी होती: शाळेत कुणाला सांगाल? खेळाचे सर, मराठीच्या बाई, आणि पुष्कळांनी लिहिलं ‘शिपाई मावशी’. सखी सावित्री समितीचं नाव एकाही चिठ्ठीत नव्हतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची ही समिती २०२२ मधल्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत असते, इथेही होती, फलक दर्शनी भागात लावलेला होता. पण त्यावरची माणसं कोण हे मुलांना माहीत नव्हतं. तक्रारपेटी होती ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, नेमकी कॅमेऱ्याखाली. बाईंनी ती दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ हलवली. आणि मावशींना समितीच्या बैठकीत बसवायला सुरुवात केली, त्यांना काही कळलं तर कुणाला सांगायचं हे त्यांनाही ठाऊक हवं म्हणून.

शाळेच्या स्वतःच्या सवयींवरही बोललो. स्नेहसंमेलनाचे फोटो शाळेच्या फेसबुक पानावर, खाली मुलीचं पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी. आजकाल कुणाचाही चेहरा दुसऱ्या शरीरावर बसवून देणारी ॲप फुकट मिळतात, आणि ते करणारा बऱ्याचदा अनोळखी नसतो, शेजारच्या बाकावरचा असतो. मुलींना ‘फोटो टाकू नका’ सांगणाऱ्या शाळेनंच कच्चा माल पुरवायचा, हे मला फार खटकतं. नृत्याचे समूहफोटो नावाशिवाय टाकता येतात. आणि तो शेजारच्या बाकावरचा मुलगाही मूलच आहे, त्याचा निकाल बालन्याय कायद्यानं लागतो, शाळेच्या पटांगणात कान धरून नव्हे. पण ‘गंमत म्हणून केलं’ हे कोणत्याही पोलीस ठाण्यात चालत नाही, एवढं मुलांना वेळेवर आणि स्वच्छ शब्दांत कळायला हवं. कळलं म्हणून कुणी ते करायला लागल्याचं माझ्या पाहण्यात नाही. कळलं नव्हतं म्हणून केलेले पुष्कळ पाहिले.

पालकसभेत शेवटचा प्रश्न ठरलेलाच आला, एका आईकडून. ‘मग फोन काढून घ्यायचाच नाही का, मॅडम?’ घ्या की. दहानंतर सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, तुमचेसुद्धा, हा नियम चांगलाच आहे. सहावीतल्या मुलाला स्वतःचं खातं नको, कारण इन्स्टाग्रामचीच अट तेरा वर्षांची आहे. पण मूल काही सांगायला येईल त्या दिवशी फोन काढून घेऊ नका. ती शिक्षा होते आणि धाकटं भावंड ती बघत असतं. हे घरात आधी बोलून ठेवा, आजच रात्री जेवताना: काहीही झालं तरी सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही. त्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘आणि यांनी काढून घेतला तर?’

मी म्हटलं, ‘तर दोघांनी मिळून या. तुमच्याकडनं फी घेणार नाही.’